ऐकू येते, पण कळत नाही: कानाचे नेमके कुठे बिनसते?

कृष्णाकाठ
माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. त्यांनी आयुष्यभर माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि मागच्या बाकावरची कुजबुजही त्यांच्या कानांतून कधी सुटली नाही. आजही कुकरच्या शिट्ट्या ते बाहेरच्या खोलीत बसून बिनचूक मोजतात, फाटकाची कडी वाजली की आमच्याआधी उठतात आणि शेजारच्या पाण्याच्या मोटारीची घरघर रात्री झोपू देत नाही अशी तक्रारही करतात. मात्र जेवताना माझी आठ वर्षांची मुलगी त्यांच्याशी बोलू लागली की दर वाक्यानंतर "काय म्हणालीस?" हे ठरलेले. तिने आवाज चढवला तर ते वैतागतात आणि म्हणतात, "ओरडतेस कशाला? मी काही बहिरा नाही."

घरातल्या काही मंडळींच्या मते हे सोंग आहे. मला तसे वाटत नाही. आवाज जर कानापर्यंत पोहोचत असेल, तर शब्द वाटेत कुठे अडकतात? आणि आवाज मोठा केल्याने प्रश्न सुटण्याऐवजी चिघळतो का? जाणकारांनी कानाची रचना समजावून सांगितली आणि ज्यांच्या घरी असा अनुभव आहे त्यांनी तो लिहिला, तर बरे होईल.

गावरान_गप्पिष्ट
आमचे आजोबा शेवटची दहा वर्षे ठार बहिरे होते असे सगळे गाव समजत असे. मात्र तीन खोल्यांपलीकडे कोणी हळूच "वाटणी" हा शब्द उच्चारला, की ते माजघरातून विचारीत, "कसली वाटणी?"

ध्वनिलेखा
गप्पिष्ट, तुमच्या विनोदात तथ्य आहे. ओळखीचा, मनात सतत घोळणारा शब्द शांत घरात ऐकणे आणि ताटवाट्यांच्या आवाजात एका लहान मुलीचे भरभर बोलणे समजणे, ही कानाच्या दृष्टीने दोन फार वेगळी कामे आहेत. मी श्रवणतपासणीचे काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

कानाची पाळी आणि सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कर्णनलिका ध्वनी पडद्यापर्यंत आणतात. नलिकेच्या या लांबीमुळे ३००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३००० कंपनांच्या, आसपासचे ध्वनी पडद्यावर पोहोचेपर्यंत मुळातच काहीसे वाढलेले असतात. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात. त्यांतली रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची असून ते शरीरातले सर्वांत लहान हाड आहे. ही हाडे हवीतच कशाला, असा प्रश्न शाळेत मलाही पडत असे. आतला कान द्रवाने भरलेला असतो आणि हवेतला ध्वनी थेट द्रवावर आदळला, तर त्याची सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते, हे त्याचे उत्तर आहे. पडद्याच्या कंप पावणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ साधारण ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकीब ज्या लंबगोल खिडकीवर टेकलेली असते तिचे केवळ ३.२ चौरस मिलिमीटर असते. मोठ्या पृष्ठभागावरचे बल लहान पृष्ठभागावर एकवटल्याने दाब सुमारे सतरापट वाढतो, त्यात हाडांच्या तरफेची १.३ पटीची भर पडते आणि एकूण वाढ बावीसपटीच्या घरात जाते.

तुमच्या वडिलांच्या कानांतला हा भाग बहुधा ठणठणीत असावा. बिघाड त्याच्या पुढे, शंखिकेत असण्याची शक्यता अधिक आहे. सुमारे ३५ मिलिमीटर लांबीची ही नळी अडीच वेढ्यांची गुंडाळी करून कानशिलाच्या हाडात बसलेली असते आणि तिच्यातल्या पायाभूत पटल नावाच्या पातळ पडद्यावर ध्वनी टिपणाऱ्या केसपेशींच्या रांगा असतात. ही गुंडाळी उलगडून सरळ केली, तर ती पेटीच्या पट्ट्यांसारखी दिसेल. फरक इतकाच, की टिपेच्या पट्ट्या दाराशी आणि खर्जाच्या अगदी आतल्या टोकाला असतील. आतल्या एका रांगेत सुमारे ३५०० केसपेशी असतात आणि मेंदूकडे जाणारा संदेश मुख्यतः त्यांच्याकडूनच जातो. बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२००० पेशी असतात. त्या ध्वनीच्या तालावर स्वतः आखडतात आणि लांब होतात, आणि त्यामुळे क्षीण आवाज पटलावरच वाढवले जातात. जन्मतः मिळालेला हा साठा आयुष्यभर पुरवायचा असतो. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात हे १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले, परंतु माणसाच्या शंखिकेत तसे घडत नाही.

वयाबरोबर सर्वांत आधी झिजतात त्या दाराशी असलेल्या, म्हणजे उंच स्वरांच्या पेशी. बोलण्यातल्या अ, आ, ओ यांसारख्या स्वरांची ऊर्जा बरीचशी १००० हर्ट्झच्या खाली असते आणि ती भरपूर असते. याउलट स, श, च, थ, ख, फ या वर्णांना ओळख देणारा भाग उंच कंप्रतेचा आणि अत्यंत दुबळा असतो. मोटारीची घरघर खालच्या पट्टीची असल्यामुळे आणि कुकरची शिट्टी दणदणीत असल्यामुळे दोन्ही ऐकू येतात. परंतु "सात", "हात", "खात" आणि "थाट" यांतला "आ"कार तेवढा हाती लागतो आणि कोण बोलले हे कळूनही काय बोलले ते कळत नाही.

आता ओरडण्याविषयी. बाहेरच्या केसपेशींचे काम क्षीण आवाज वाढवण्याचे असते आणि मोठ्या आवाजांना त्या फारशी मदत करीत नाहीत. त्या गेल्या, की हळू आवाज नाहीसे होतात आणि मोठे मात्र पूर्वीइतकेच मोठे वाटतात. त्यामुळे "ऐकूच येत नाही" आणि "सहन होत नाही" यांमधले अंतर अगदी कमी उरते. तुमच्या वडिलांची तक्रार अक्षरशः खरी आहे.

खरजातला_षड्ज
ध्वनिलेखाताई, प्रतिसाद संग्रही ठेवण्याजोगा आहे. तुम्ही पेटीचा दाखला दिला म्हणून तंबोऱ्याविषयी लिहितो.

माझे गुरुजी वयाच्या सत्तरीनंतर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या नादातली खुली झणकार, बसली आहे असे वारंवार म्हणू लागले. आम्ही शिष्य वाद्य मिरजेला घेऊन जात असू. तिथले कारागीर घोडीवरची तार आणि धागा पाहून, बोटाने छेडून, कान लावून सांगत, की जवारी उत्तम खुली आहे. तरीही गुरुजींच्या समाधानासाठी घोडी किंचित घासून मिळत असे आणि ते महिनाभर खूश असत. जवारीची चमक ज्या उंच उपस्वरांमुळे असते तेच त्यांच्या कानांतून गळू लागले होते, असे आता हा धागा वाचताना वाटते. गंमत अशी, की स्वरस्थानाच्या बाबतीत ते अखेरपर्यंत अचूक होते. खरजाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार आम्हांला ऐकू येण्याआधी त्यांना ऐकू येई.

एक शंका आहे. काळी एकच्या तंबोऱ्यात खरजाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून इतका खालचा स्वर निघणे शक्यच नाही, असे एका ध्वनिमुद्रकाने मला सांगितले. मग मोबाईलवरच्या तंबोऱ्यात मला खर्ज कसा ऐकू येतो?

तरंगलांबी
खर्ज तुमच्या मोबाईलमध्ये नसतो; तो तुमच्या डोक्यात तयार होतो. ६९ हर्ट्झच्या तारेतून १३८, २०७, २७६, ३४५ असे उपस्वरही निघतात. त्यांतले वरचे उपस्वर स्पीकर देऊ शकतो आणि त्यांच्यामधले अंतर सगळीकडे ६९ आहे यावरून श्रवणयंत्रणा मूळ स्वर ठरवते. पाचवा उपस्वर षड्जाच्या सव्वापट कंप्रतेच्या स्वराशी, म्हणजे शुद्ध गंधाराशी जुळतो, म्हणून तो स्वयंभू गंधार. तारेवर ज्या बिंदूपाशी आघात करावा तिथे स्थिर राहणारे उपस्वर निघू नयेत, असा जुना नियम आहे. तंबोऱ्याच्या रुंद, वक्र घोडीमुळे तेही निघतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले होते. तुमच्या गुरुजींचा गंधार शाबूत राहिला, कारण तो काही शे हर्ट्झच्या परिसरात वाजतो. जवारीची चमक मात्र काही हजार हर्ट्झपर्यंत जाते.

पेटीच्या उपमेविषयी मात्र थोडा मतभेद नोंदवतो. प्रत्येक स्वराला एकेक स्वतंत्र तंतू झंकारतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी मांडली होती. बुडापेस्टमध्ये टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृतदेहांच्या शंखिका उघडून, पटलावर चांदीचे बारीक कण टाकून आणि लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून असे दाखवले, की पटलावरून एक लाट पायापासून टोकाकडे धावते आणि कंप्रतेनुसार ठरलेल्या जागी तिचा उंचवटा सर्वांत मोठा होतो. याच कामासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही एक कोडे उरलेच. मेलेल्या कानातला उंचवटा पसरट होता आणि जिवंत माणूस तर अगदी जवळच्या दोन श्रुतीही वेगळ्या ओळखतो. द्रवात बुडालेले पटल घर्षणामुळे इतके अचूक कंप पावू शकणार नाही, तेव्हा कान स्वतः ऊर्जा खर्च करून ध्वनी वाढवीत असला पाहिजे, असे थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच लिहिले होते. त्याकडे जवळपास कोणी लक्ष दिले नाही. १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कर्णनलिकेत बारीक मायक्रोफोन ठेवला आणि टकटक असा आवाज दिल्यावर काही मिलिसेकंदांनी कानातून उलट बाहेर येणारा आवाज नोंदवला. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल यांनी बाहेरच्या केसपेशी विजेच्या संदेशानुसार प्रत्यक्ष आखडताना दाखवल्या आणि गोल्ड यांचे म्हणणे खरे ठरले.

गावरान_गप्पिष्ट
म्हणजे एका कानाने ऐकून त्याच कानाने सोडून देणे हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेले आहे! ही माहिती सौभाग्यवतींपासून दूर ठेवावी लागेल.

ध्वनिलेखा
हसा खुशाल, पण हाच परत येणारा आवाज आज प्रसूतिगृहांत नवजात बाळाची श्रवणचाचणी करण्यासाठी वापरतात. बाळ झोपलेले असताना कानात छोटी खुंटी बसवतात, काही मिनिटांत उत्तर मिळते आणि बाळाने कसलाही प्रतिसाद देण्याची गरज पडत नाही. आवाज परत आला नाही, तर पुन्हा तपासतात आणि त्यानंतर गरजेप्रमाणे बेरा चाचणी करतात, म्हणजे ध्वनीचा संदेश चेतातंतूतून मेंदूकडे जातो का ते तपासतात.

तरंगलांबी, तुमचा आक्षेप मान्य आहे. समजावून सांगताना मी पेटीच वापरते, कारण लाट म्हटले की समोरच्या आजोबांचे लक्ष खिडकीबाहेर जाते.

माग_आणि_धोटा
आमचे घर इचलकरंजीचे आणि वडिलांनी उमेदीची सगळी वर्षे यंत्रमागावर काढली. माग सुरू असताना शेडमध्ये शब्द निरुपयोगी असतात. कांडी संपली, ताणा तुटला, चहा आला, जॉबर बोलावतोय, यांतल्या प्रत्येकाला हाताची ठरलेली खूण होती आणि बाकीचे ओठांवरून वाचायचे. लहानपणी मला वाटायचे, की मोठी माणसे अशीच बोलतात. वडील घरी आले की रेडिओ पूर्ण मोठा करीत आणि आई तो हळू करी. त्यावरून रोज वाद होई.

पुढे त्यांची तपासणी केली तेव्हा, कोणत्या पट्टीचा आवाज किमान किती मोठा असला की ऐकू येतो हे दाखवणाऱ्या आलेखावर ४००० हर्ट्झपाशी खोल खड्डा दिसला. तपासणाऱ्यांनी कागद हातात घेताच विचारले, "कारखान्यात होता का?" इतका तो खड्डा ओळखीचा असतो. वडील कानांत कापूस घालीत असत. त्याचा उपयोग जवळपास काहीच नसतो, असे तेव्हा कळले.

आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे, तर अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलची आहे. पाचाचाच फरक आहे असे वाटते, पण दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, हे लक्षात घेतले की तो पाचाचा आकडा किरकोळ राहत नाही.

पथकातला_ताशा
मी गेली काही वर्षे ढोल-ताशा पथकात आहे. धागा कानाच्या रचनेचा आहे, पण आता गाडी हळूहळू मिरवणुकीकडे वळणार हे दिसतेच आहे, म्हणून आधीच लिहितो. यंत्रमागावर माणूस रोज आठ तास, वीस-वीस वर्षे उभा असतो. आम्ही वर्षातून मोजके दिवस वाजवतो. विसर्जनानंतर रात्री कानांत गुंई होते हे खरे, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे पूर्ववत होते. माझी तपासणीही व्यवस्थित आली आहे. मग ढोलाला नावे ठेवण्याआधी दिवसभराच्या हॉर्नचा आणि डॉल्बीच्या भिंतींचा विचार नको का?

ध्वनिलेखा
हॉर्न आणि डॉल्बीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. "पूर्ववत होते" या शब्दांबद्दल मात्र नाही.

केसपेशीच्या माथ्यावर केसांचा एक तुरा असतो. पटल हलले, की तुरा वाकतो, केसांना जोडणारे सूक्ष्म धागे ताणले जातात, त्यामुळे छिद्रे उघडतात, भोवतालच्या द्रवातले पोटॅशियम पेशीत शिरते आणि पेशीच्या तळाशी असलेल्या चेतातंतूला संदेश मिळतो. अतिशय मोठ्या आवाजाने हे तुरे लुळे पडतात आणि बऱ्याचदा पुन्हा उभे राहतात, म्हणून ऐकू येणे परत येते. परंतु २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले, की श्रवणमर्यादा, म्हणजे ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज, पूर्णपणे मूळपदावर आल्यानंतरही केसपेशी आणि चेतातंतू यांमधले अनेक जोड कायमचे तुटलेले होते. शांत खोलीत बारीक स्वर ऐकवून केलेल्या नेहमीच्या चाचणीत ही हानी दिसत नाही. माणसात नेमके कितपत असे घडते यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. पण तपासणी चांगली आली म्हणजे काहीच झाले नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

तुम्ही म्हणता तो कालावधीचा मुद्दा योग्य आहे. ८५ डेसिबलला आठ तास हा हिशेब धरला, तर ८८ ला चार तास उरतात आणि १०० ला पंधरा मिनिटे. ताशाच्या शेजारी उभ्या माणसाची पंधरा मिनिटे चौकात पोहोचायच्या आतच संपतात.

मोठा आवाज आला की रिकिबीला जोडलेला एक स्नायू आखडतो आणि ध्वनी थोडा अडवतो. मात्र त्याला आखडायला सेकंदाचे काही शतांश लागतात आणि तो मुख्यतः खालच्या पट्टीच्या आवाजांवरच काम करतो. सुतळी बॉम्ब किंवा ताशाची कडक थाप त्याच्या आधीच आत पोहोचलेली असते.

पथकातला_ताशा
उंदरांवरून माणसाविषयी किती बोलावे यावर मी अजून साशंक आहे. तरी कानात घालायचे कोणते बोळे घ्यावेत ते सांगा. आमच्या पथकात काही जण वापरतात, बाकीचे त्यांना हसतात.

ध्वनिलेखा
दाबून घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. बोटांनी गुंडाळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने पाळी वर-मागे ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. नुसते नलिकेच्या तोंडाशी टेकवले, तर उपयोग होत नाही. ताल नीट ऐकू यावा म्हणून वादकांसाठी वेगळे गाळणीचे बोळेही असतात. त्यांत सगळ्या पट्ट्यांचे आवाज जवळपास सारख्या प्रमाणात कमी होतात.

आजीचा_बटवा
एवढी यंत्रे आणि चाचण्या करण्याआधी लसूण घालून कडवलेले तेल कोमट करून दोन थेंब कानात सोडून पाहावे. आमच्याकडे तीन पिढ्या हाच उपाय चालत आला आहे. शिवाय महिन्यातून एकदा कान कोरून स्वच्छ ठेवावेत.

नाककानघसा
आजी, आपल्याविषयी आदर राखून दोन्हींना विरोध करतो. पडद्याला छिद्र असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरते, आणि छिद्र आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. कोमट म्हणता म्हणता गरम तेलाने भाजलेले कानही मी पाहिले आहेत. केसपेशींपर्यंत तर ते तेल कधीच पोहोचत नाही.

कान कोरण्याची गरज मुळातच नसते. नलिकेची कातडी आतून बाहेर अशी हळूहळू सरकत असते आणि ती मळ स्वतःच बाहेर आणते. काडीने आपण तोच मळ आत ढकलतो आणि ठासतो. मात्र मळाचा घट्ट बोळा हे ऐकू कमी येण्याचे एक खरे कारण आहे, म्हणून कृष्णाकाठ यांनी वडिलांना श्रवणयंत्राच्या दुकानात नेण्याआधी कान डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत.

धाग्याचा विषय नसला, तरी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. एखाद्याला एका कानाने अचानक, एका रात्रीत ऐकू येईनासे झाले, तर "सर्दी असेल, उतरेल" म्हणून आठवडा घालवू नये. ती तातडीची बाब आहे आणि पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले तर फायद्याची शक्यता अधिक असते.

कपाटातले_यंत्र
आमच्या सासूबाईंना भरपूर पैसे मोजून श्रवणयंत्र घेतले. पहिल्याच जेवणाला त्यांनी ते काढून ठेवले, कारण बोलणे ऐकू येण्याऐवजी ताटे, चमचे, पंखा आणि वर्तमानपत्राची पाने यांचाच कल्लोळ कानांत शिरला. ते तेव्हापासून कपाटात आहे. विकणाऱ्याने यंत्र कानात बसवले, पैसे घेतले आणि काम संपले. मला तरी हा सगळा फसवा धंदा वाटतो.

ध्वनिलेखा
यंत्र बसवल्यानंतरच खरे काम सुरू होते आणि तेच तुमच्या बाबतीत कोणी केले नाही, असे दिसते. उंच पट्टीचे क्षीण आवाज जास्त वाढवायचे, मोठे आवाज जवळजवळ वाढवायचेच नाहीत, अशी विभागणी प्रत्येकाच्या आलेखानुसार बसवावी लागते आणि पहिल्या काही आठवड्यांत ती पुन्हा पुन्हा जुळवावी लागते. वर्तमानपत्राची पाने सळसळतात, हे सासूबाईंचा मेंदू कित्येक वर्षांपूर्वी विसरलेला होता. तो आवाज पुन्हा दुर्लक्षित करायला त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. शांत खोलीत एका व्यक्तीशी बोलताना सुरुवात करावी, पंगतीत नव्हे.

नाशिकची_आई
माझी मुलगी जन्मापासून ऐकू शकत नव्हती. नवजात असताना चाचणी झाली नव्हती आणि दीड वर्षाची होऊनही ती हाकेला वळत नाही, म्हणून आम्ही धावपळ सुरू केली. दिव्यांगांना साधने मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून तिच्यावर शंखिकारोपणाची शस्त्रक्रिया झाली. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे आम्हांला पहिल्यांदा कोणीतरी शांतपणे बसवून सगळे समजावून सांगितले.

तिच्या बाबतीत पडदा आणि हाडे ठीक होती, चेतातंतूही ठीक होता. मधल्या केसपेशीच काम करीत नव्हत्या. रोपणात त्यांना वगळून विद्युतअग्रांची बारीक तार शंखिकेत सरकवतात आणि ती थेट चेतातंतूला चेतवते. ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्नमध्ये असे अनेक अग्रांचे रोपण केले. मुलीच्या रोपणात २२ अग्रे आहेत. साडेतीन हजार पेशींच्या जागी बावीस, हे ऐकून मी हादरले होते. बाहेरचे यंत्र प्रथम सुरू केले तेव्हा ती दचकून रडली आणि त्यानंतर कितीतरी महिने तिला प्रत्येक आवाज म्हणजे काय ते दाखवीत आम्ही घरभर फिरलो: नळ, दाराची कडी, मिक्सर, भारद्वाज. आज ती मराठी शाळेत जाते आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते.

खरजातला_षड्ज
अभिनंदन. तिला गाणे कसे ऐकू येते, हे विचारले तर चालेल का?

नाशिकची_आई
जरूर विचारा. ठेका तिला अचूक कळतो आणि शाळेच्या लेझीम पथकात ती पुढच्या रांगेत असते. शब्द ओळखीचे असतील तर गाणेही ओळखते. मात्र तेच गाणे कोणी शब्दांवाचून गुणगुणले, तर ती कोरा चेहरा करते. बावीस अग्रांतून बोलणे समजण्यापुरती माहिती मिळते, पण जवळजवळचे स्वर वेगळे करण्यापुरती मिळत नाही, असे आमच्या थेरपिस्ट सांगतात. तिला त्याचे दुःख नाही. तिने वेगळे गाणे कधी ऐकलेलेच नाही.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. आम्ही कान तपासून घेतले. उजव्या कानातला मळाचा बोळा डॉक्टरांनी काढला आणि त्यानंतर आलेख काढला. ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ४५ आणि ४००० ला ६५, असे दोन्ही कानांचे आकडे जवळपास सारखे आले. वडिलांनी आलेख पाहून "उतार बराच तीव्र आहे" असा शेरा मारला आणि लघुगणकी मोजमापाचे एक छोटेसे व्याख्यानही तिथल्या मुलीला दिले. आलेख पाहिल्यावर घरातली सोंगाची चर्चा बंद झाली.

मुलीने आता त्यांच्या समोर बसून, जरा सावकाश आणि नेहमीच्याच आवाजात बोलायचे ठरले आहे. एवढ्यानेही बराच फरक पडला. यंत्राची तयारी ते दाखवीत आहेत, पण "दोन कशाला, एकाच कानाला घेऊ" असा त्यांचा आग्रह आहे. दोन्ही कान सारखेच असताना एकाने भागणार नाही का?

तरंगलांबी
गणिताच्या शिक्षकांना गणितच सांगा. एका बाजूने आलेला ध्वनी दूरच्या कानापर्यंत पोहोचायला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशीर होतो आणि मेंदू सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही ओळखू शकतो. त्यातच उंच पट्टीचे आवाज डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाला क्षीण ऐकू येतात. या दोन फरकांवरून दिशा ठरते आणि दिशा ठरली की गोंगाटातून एका माणसाचे बोलणे वेगळे काढणे सोपे जाते. दोन्ही कानांत दोन वेगळी बोलणी ऐकवून त्यांतल्या एकावर लक्ष ठेवायला सांगण्याचे कॉलिन चेरी यांचे प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून या विषयावर काम चालू आहे. त्यांचा मूळ प्रश्न जेवणाच्या वेळचा आहे, हे लक्षात घेता दोन यंत्रे घ्यावीत, असे माझे मत आहे.

ध्वनिलेखा
सहमत. खर्चाची अडचण असेल, तर एकापासून सुरुवात करण्यात गैर नाही. मात्र दोन्ही कानांत चाचणीपुरते बसवून, मागे रेडिओ सुरू ठेवून त्यांच्याशी बोलून पाहा आणि मग निर्णय त्यांनाच घेऊ द्या.

एकाच_कानाचा
मी इतके दिवस नुसता वाचत होतो, पण या प्रश्नावर लिहिणे भाग आहे. लहानपणी गालफुगी झाली आणि माझा डावा कान कायमचा गेला. उजवा उत्तम आहे, समोरासमोर बसून बोललात तर तुम्हांला काहीही कळणार नाही. परंतु घरात मोबाईल वाजला की तो कोणत्या खोलीत आहे हे मला समजत नाही, स्कूटरवर असताना हॉर्न डावीकडून आला की उजवीकडून ते समजत नाही, म्हणून मी दोन्ही आरसे पाहिल्याशिवाय इंचभरही वळत नाही. लग्नाच्या पंगतीत मी सर्वांत डावीकडचे टोक पकडतो, म्हणजे सगळी माणसे उजव्या बाजूला येतात. ते टोक कोणी आधीच पकडलेले असेल तर वाढपी होतो. कृष्णाकाठ, वडिलांना दोन घ्यायला सांगा.